कोल्हीच्या झऱ्यापाशी खाल्लेली थप्पड

ऊर्तेल, १९ मे १८६७

गाल्देरिकदादा,

सुऱ्या-विळ्यांना धार लावणारा निसेट उद्या खिंड ओलांडून तुमच्याकडे उतरतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. लोकांची पत्रं उघडून बघायची त्याला खोड आहे, पण वाचता येत नसल्यामुळे आपल्याला धोका नाही.

तुझी कंबर कशी आहे? तेक्लावहिनीला सांग, तिने दिलेल्या सलगमाच्या बिया निम्म्या उगवल्याच नाहीत. मुद्दाम जुन्या दिल्या असतील तर तसं सांगू दे, मी रागावणार नाही.

आता कामाचं. मोजणीवाले आमच्याकडे येऊन गेले. तीन पायांचं दुर्बिणीचं यंत्र, लोखंडी साखळी, दोन खेचरं आणि भली मोठी भूक घेऊन आले होते. मेयरच्या घरचं डुकराचं सुकवलेलं अख्खं तंगडं संपवलं. एक माद्रिदचा, एक पॅरिसचा. दोघांचा एकमेकांवर इतका विश्वास, की साखळीचं एकेक टोक दोघांनी स्वतः धरलं होतं. दोन्ही राज्यांच्या मधे पार समुद्रापर्यंत एकच रेघ काढायची आहे म्हणे. मी विचारलं, "रेघ किती रुंद?" तर पॅरिसवाला हसला. "बाई, रेघेला रुंदी नसते." मग ती माझ्या गायींना दिसणार कशी, हे मी विचारलं नाही. उगाच आणखी हसला असता.

सगळीकडे आकडे कोरलेले दगड बसवणार आहेत, पण कोल्हीच्या झऱ्यापाशी घोडं अडलंय. बर्फाचा कडा कोसळला त्या वर्षी तिथला जुना दगड गाडला गेला, आणि नंतर कुणी पुन्हा बसवलाच नाही. म्हणून आता ते त्या दगडापाशी थप्पड खाल्लेली माणसं शोधताहेत. शिवेची फेरी निघाली की दगडापाशी एका पोराला सणसणीत ठेवून द्यायची, म्हणजे जागा मरेपर्यंत ध्यानात राहते, आणि मग त्याच्या हातावर मध लावलेला पाव ठेवायचा, ही आपली रीत पॅरिसवाल्याला समजावून सांगताना मेयरला घाम फुटला. आमच्या गावात तशी थप्पड खाल्लेली आता मी एकटीच उरलेय. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून मला नेलं होतं. तुमच्याकडे तू उरलायस असं कळलं.

मी सांगून टाकलंय की दगड झऱ्याच्या पलीकडे, तुमच्या अंगाला, पांढऱ्या कड्यापाशी होता. तूही तेच सांगशील, तेव्हा प्रश्न मिटला. तरी लिहितेय, कारण लोक काहीबाही बोलतात. वरच्या कुरणावर माझ्या गायींना दुसरं पाणी नाही हे तुला माहीत आहे. झरा गेला तर कुरण गेलं, आणि कुरण गेलं तर मी विधवा बाई जगायची कशावर?

तुझ्या जावयाला जकातीत नोकरी लागली असं निसेट म्हणतो. खरं का?

तुझी आतेबहीण,
सिदोनिया


कोमाफ्रेदा, ९ जून १८६७

सिदोनिया,

पत्र पोचलं. कंबर आहे तशीच आहे. बिया ताज्या होत्या. तुमच्याकडची मातीच आळशी, असं तेक्ला म्हणते.

तुझं पत्र वाचून नवल वाटलं. तू फार लहान होतीस, म्हणून घोटाळा झाला असावा. दगड पांढऱ्या कड्यापाशी कसा असेल? तो तुमच्या अंगाला होता, काळ्या खडकाला लागून, आता तुझी झोपडी आहे तिच्या जवळच म्हण ना. मी तिथे उभं राहून थप्पड खाल्ली आहे. त्या दिवसापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तेव्हा झरा आमच्याकडे येतो हे उघड आहे.

तू काळजी करू नकोस. तुमच्या गायी आजवर तिथे पाणी पीत आल्या, कारण आम्ही पिऊ देतो. शेजार आहे, नातं आहे. रेघ पडल्यानंतरही मी तुझ्यासाठी शब्द टाकीन.

सादुर्नीला जकातीच्या पहाऱ्यावर घेतलंय हे खरं. निळा कोट शिवायला दिलाय. त्याचा झऱ्याशी काही संबंध नाही.

गाल्देरिक


ऊर्तेल, ३० जून १८६७

गाल्देरिकदादा,

शब्द टाकशील? माझ्या झऱ्यासाठी तू माझ्या वतीने शब्द टाकणार? केवढे उपकार!

अक्षर तुझं आहे, ते मी ओळखते. पण वाक्यं कुणाची? "झरा आमच्याकडे येतो हे उघड आहे" असलं तू जन्मात बोलला नाहीस. तू बोलतोस तेव्हा निम्मं वाक्य मिशीत अडकतं. तुझ्या खांद्यावरून तुमच्या गावचा सेक्रेटरी डोकावत होता ना? त्याला माझा नमस्कार सांग.

आणि पिऊ देतो म्हणजे काय? आम्ही तुम्हाला पिऊ देत होतो! लहानपणापासून ऐकतेय मी घरात: कोमाफ्रेदावाल्यांच्या गायी आल्या, येऊ द्या बिचाऱ्यांना. तुझ्या ढोरांनी चिखल तुडवून ठेवला तरी बाबा कधी बोलले नाहीत.

मी लहान होते, पण बावळट नव्हते. माझ्या गालाला जागा पक्की आठवते. पांढरा कडा पाठीशी होता आणि समोर झरा. मधाचा पाव खाताना मधमाशी ओठाला चावली, तेही आठवतं.

जावयाचा झऱ्याशी संबंध नाही म्हणतोस. साक्ष व्हायच्या आधीच कोट शिवायला पडला, इतकंच मला दिसतं. बाकी तू समजून घे.

सिदोनिया


कोमाफ्रेदा, ४ ऑगस्ट १८६७

सिदोनिया,

उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. तेक्ला म्हणाली, लिहा, नाहीतर तिला वाटेल आपल्या पोटात पाप आहे.

सेक्रेटरी माझ्या खांद्यावरून डोकावत नाही. तो समोर बसतो. गावाचं काम आहे, गावाला कळायला हवं, यात चोरी कसली? सादुर्नीने अर्ज केला तेव्हा मोजणीवाले या डोंगरात आलेही नव्हते. तुला पटणार नाही, पण लिहून ठेवतो.

आता मी विचारतो. गेल्या आठवड्यात तू पांढऱ्या कड्यापाशी कुदळ घेऊन काय करत होतीस? आमच्या गुराख्याने पाहिलं. एकटी होतीस, खड्डा खणलास, मग बुजवलास आणि वर गवताची ढेपसं ठेवलीस. काही काढत होतीस का काही पुरत होतीस? कुणाच्या घरामागचा जुना दगड उचलून नेऊन गाडायचा आणि मग मोजणीवाल्यांसमोर "हा बघा सापडला" म्हणायचं, हे काही अवघड नाही. तू असं करशील असं मी म्हणत नाही. गाव म्हणतंय.

गाल्देरिक


ऊर्तेल, १ सप्टेंबर १८६७

दादा,

पुरत नव्हते, शोधत होते. कमरेइतकं खणलं, काही मिळालं नाही. खड्डा बुजवला, कारण उघडा खड्डा ठेवला तर गायीचा पाय मोडतो. गवत वर ठेवलं, कारण मी नीटनेटकी बाई आहे. तुमच्या गुराख्याला एवढी दूरची नजर असेल तर त्याने तुमच्या हरवलेल्या मेंढ्या शोधाव्यात.

"गाव म्हणतंय" या शब्दांमागे लपायला तू कधीपासून शिकलास? आई माहेरी यायची तेव्हा तू मला खांद्यावर बसवून बाजारातून फिरवायचास. त्या दादाला मी विचारतेय, तुमच्या गावाला नाही.

एकच सांग. तुला थप्पड मारली कुणी? नाव सांग. मग मी बघते.

सोबत चीज पाठवतेय. दरवर्षी पाठवते, म्हणून.

सिदोनिया


कोमाफ्रेदा, १३ ऑक्टोबर १८६७

सिदोनिया,

कुणी का मारेना. थप्पड ती थप्पड. नाव विचारण्यामागे तुझा काय डाव आहे ते मला कळत नाही, पण डाव आहे एवढं कळतं. त्या माणसाचं नाव घेऊन तू काय करणार? तो तर केव्हाच देवाघरी गेला. आणि तुला एवढीच उत्सुकता असेल तर आधी तू सांग, तुला कुणी मारली.

चीज निसेटच्या हाती परत पाठवतोय. साक्षीच्या आधी साक्षीदारांनी एकमेकांचं खाणं बरं दिसत नाही. तेक्लाला हे पटलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण चीज गेलं.

या वर्षी माझ्या नावदिवसाला, माझ्या नावाच्या संताच्या सणाला, येऊ नकोस. लोक बघतात.

गाल्देरिक


ऊर्तेल, १२ जुलै १८६८

गाल्देरिक,

दादा म्हणायला आज जीभ वळत नाही.

साक्षीच्या दिवशी तू मोजणीवाल्यांच्या तंबूतून बाहेर आलास आणि टोपी सारखी करत माझ्या बाजूने निघून गेलास. एकदाही पाहिलं नाहीस. मीही पाहिलं नाही, पण तू पाहतोस का हे मात्र पाहिलं. एकाच बायबलवर हात ठेवून दोघांनी दोन जागा सांगितल्या. माद्रिदवाला म्हणाला, दोघंही खोटं बोलताहेत. पॅरिसवाल्याने मान डोलावली. इतक्या महिन्यांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं असेल.

मग काय केलं तेही तू पाहिलंस. पांढऱ्या कड्यापासून काळ्या खडकापर्यंत साखळी ताणली आणि बरोबर मध्य काढला. मध्य आला झऱ्याच्या तोंडावर. कुणाची तक्रार नको, म्हणाले. पाणी अर्धं याचं, अर्धं त्याचं.

त्यानंतरचं तू पाहिलेलं नाहीस, म्हणून लिहिते. परवाच्या सोमवारी ते दगड बसवायला आले. पाया खणताना खडक लागला म्हणून भोक पाडून सुरुंगाचा बार उडवला. दगड सुरेख बसलाय. ओळंबा लावून बसवलाय, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. अंगावर आकडा, एका बाजूला तुमचं राज्य, दुसऱ्या बाजूला आमचं. दुसऱ्या दिवशी पाण्याची धार करंगळीएवढी झाली. तिसऱ्या दिवशी झरा आटला. खालून कुठेतरी खडक फुटला असणार, पाणी पोटात गेलं. माझ्या गायी त्या नव्या दगडाला चाटत उभ्या होत्या. मला बघवलं नाही, मी झोपडीत जाऊन रडले.

दोन गायी विकल्या. बाकीच्या सप्टेंबरात सांत मिकेलच्या सणाच्या बाजारात जातील. आता लपवून तरी काय करू? आमच्या मेयरने मला बजावलं होतं, थप्पड कुणी मारली ते बोलू नकोस. मारणारा त्या बाजूचा होता असं कळलं तर साक्ष बाद होईल. म्हणून मी गप्प राहिले. आता ऐक. मला तुझ्याच आजोबांनी मारलं! माझ्या आईच्या बापाने! पांढऱ्या कड्यापाशी माझा हात धरून उभे राहिले, म्हणाले, "पोरी, इथून पुढे आमचं," आणि अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुमच्या गावचा म्हातारा स्वतःच्या गावचं पाणी मला फुकट देऊन टाकेल का? चुकीच्या जागी उभं राहून नातीला मारेल का?

आता सांग खोटं कोण बोललं.

सिदोनिया


कोमाफ्रेदा, २६ जुलै १८६८

सिदोनिया,

हे पत्र मी सेक्रेटरीला दाखवलेलं नाही. तेक्ला चुलीपाशी आहे, बाकी कुणी नाही.

तुझं पत्र वाचलं. तू नाव विचारलं होतंस. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला मारलं ते तुझ्या बाबांनी. आतोबांनी. काळ्या खडकापाशी. आणि मारताना म्हणाले, "पोरा, इथून पुढे आमचं." तेच शब्द, सिदोनिया. तेच.

आमच्या सेक्रेटरीनेही मला तेच बजावलं होतं. दुसऱ्या गावच्या माणसाचा हात होता असं कळलं तर साक्षीला किंमत राहणार नाही. मला वाटायचं, आतोबा सहज जवळ होते म्हणून त्यांनी मारलं. त्यात काही रीत असेल हे डोक्यातच आलं नाही. आता सगळं कळतंय. आपल्या माणसाचा हात हलका पडतो, म्हणून पोराला मारायचं ते पलीकडच्या गावच्या माणसाने. आतोबा तुमच्या जमिनीच्या टोकाला उभे होते, आजोबा आमच्या. दगड एक नव्हताच. दोन होते. मधे झरा होता, आणि ती मधली जागा कुणा एकाची नव्हती. म्हणून तुझ्या गालाला आमचा दगड आठवला आणि माझ्या गालाला तुमचा. एका फेरीत एकच दगड होत असणार. तुझ्या फेरीच्या वर्षी मला गोवर आला होता, मी अंथरुणात होतो. नाहीतर दुसरा दगडही पाहिला असता.

तू खरं सांगितलंस. मीही खरंच सांगितलं. आणि आपण दोघांनी मिळून झरा घालवला. त्या दोघा साहेबांना काय दोष द्यायचा? त्यांना रुंदी नसलेली रेघ हवी होती, ती त्यांनी काढली. ती जागा रुंद होती हे सांगू शकणारी जगात दोनच माणसं उरली होती, आणि ती एकमेकांचं चीज परत पाठवत होती.

काल मी पांढऱ्या कड्यापाशी गेलो. तू खणलं होतंस त्याच जागी, आणखी हातभर खाली, दगड आहे. वर क्रूस कोरलेला आहे. मी तुझ्यावर नाही नाही ते आळ घेतले. मला लाज वाटते.

आणखी एक आहे. हे लिहू की नको, म्हणून चार वेळा कागद बाजूला ठेवला. पाणी गेलं नाही. माझ्या खालच्या गवताच्या शेतात वर आलंय. कुंपणाला लागून, आधी ओल दिसली, आता चांगली धार आहे. तू म्हणशील, सगळं ठरवून केलं. जावई जकातीत, पाणी शेतात. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण गायी विकू नकोस. कुंपण मी त्या बाजूने काढून टाकतोय.

तुझा दादा, अजून म्हणत असलीस तर,
गाल्देरिक


ऊर्तेल, ९ ऑगस्ट १८६८

दादा,

ठरवूनच केलं असशील, असं माझ्या मनात आलं. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आलं. मग निसेटला उलटसुलट विचारलं. तो म्हणाला, "बाई, पाणी खरंच आलंय, आणि तुमचा भाऊ त्याच्याकडे घरात साप निघाल्यासारखा बघत बसतो." तेव्हा जरा बरं वाटलं.

मीही काळ्या खडकापाशी खणलं. दोन दिवस खणलं. तुझा दगड मला सापडला नाही. एक गंजलेला नाल मिळाला आणि पाठ धरली, बस. आमच्या मेयरला सांगितलं तर तो म्हणाला, "बघा, म्हणजे तुमचा भाऊ खोटारडाच." मी त्याला सांगितलं, माझ्या बाबांनी माझ्या दादाला तिथे मारलं होतं, आणि बाबा चुकीच्या जागी हात उचलणारे नव्हते. दगड नाही सापडला तर नाही सापडला.

रविवारी प्रार्थना झाली की मी गायी घेऊन निघते. खिंडीतून सरळ तुझ्या कुंपणापर्यंत. सादुर्नीला सांगून ठेव. गायींचे कागद मागितले तर पहिली गाय त्याच्या नव्या निळ्या कोटावर घालीन. शिंगवाली.

पण त्याआधी तू त्या नव्या दगडापाशी ये. तुझ्या बाजूला उभा राहा, मी माझ्या बाजूला राहीन. साहेबांनी आकडा कोरला, ओळंबा लावला, नकाशा काढला, पण रीत करायची राहिली. त्या दगडापाशी मी तुझ्या अशी कानाखाली वाजवणार आहे, की ही जागा तू मरेपर्यंत विसरणार नाहीस.

सिदोनिया


कोमाफ्रेदा, १३ ऑगस्ट १८६८

सिदोनिया,

येतो. सादुर्नी रविवारी पुलावरच्या पहाऱ्यावर आहे. त्याने स्वतःच मागून घेतलं, मी काही बोललो नाही.

डावा कान आतोबांनी आधीच घालवलाय, तेव्हा उजव्या गालावर मार. हात हलका ठेवू नकोस. आता तू दुसऱ्या राज्यातली आहेस.

मधाचा पाव तू आणायचा. मारणाऱ्यानेच द्यायचा असतो.

गाल्देरिकदादा